हातोडीचा दिवस

पिनांगच्या दवाखान्यात लेकीला लस टोचायला नेलं होतं. शेजारच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेला आठवा महिना असावा.

“आई, खेंग हुआतने जुनी मॉरिस गाडी पुरती खोलून पुन्हा जोडत आणलीय. इंजिनही बसलं. आता चेपलेला मडगार्ड तेवढा ठोकून सरळ करायचा राहिलाय.”

“घरात पोटुशी बाई असताना हातोडी चालवायची नाही, हुई मिन. बाळाच्या कानाला खोट येते.”

मी मांडीवरच्या लेकीचे कान हळूच चाचपले.

“खेंग हुआत पोटात असताना मामंजींनी याच गाडीचं दार ठोकलं होतं ना?”

“म्हणून तर तो कुणाचं ऐकत नाही.”

“पण बाळाला याच गाडीतून घरी आणायचं, हे तुम्हीच म्हणालात. आपण गाडी शेजारच्यांच्या पोर्चमध्ये ढकलू. तिथे ठोकेल तो.”

“शेजाऱ्यांची सून ती बघ, समोर बसलीय. तिलाही सहावा लागलाय.”

“मग हो?”

“उद्या तू नि मी फेरीबोटीने पलीकडे माझ्या बहिणीकडे जेवायला जाऊ. त्याला म्हणावं, संध्याकाळपर्यंत काय ते ठोकून घे. पोटुशी घरात नसली की झालं.”

“आणि शेजारची?”

“तिला आत्ताच विचारून ये, आंबट लाक्सा खातेस का म्हणून. बहीण भरपूर करते.”