हातकणंगल्याच्या प्लॉटची जाळी

गणितात डॉक्टरेट केलेला माणूस आहे मी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून आता जे सांगतो ते या टेबलाबाहेर जाऊ देऊ नका. हातकणंगल्याच्या आमच्या प्लॉटला पाच फूट उंचीची तारेची जाळी मारायची होती. प्लॉट साठ बाय चाळीस. साठ अधिक चाळीस शंभर, त्याची दुप्पट दोनशे फूट. तिसरीतलं पोरही सांगेल. मी मात्र कागदावर सहा वेळा मांडून पाहिलं, कारण बायकोनं बजावलं होतं, "माप चुकलं तर परत माझ्यासमोर गणिताचं नाव काढायचं नाही."

दोनशे फूट जाळी आणली. गडी दत्तू बाहेरून खांबांना जाळी बांधत निघाला आणि मी आतून टेप धरून प्रत्येक बाजू पुन्हा मोजत निघालो. धाकधूक एकच, शेवटी कमी पडली तर? पण पहिल्या खांबापाशी परत आलो, तेव्हा टोकाला टोक असं भिडलं की वीतभरही कमी नाही, वीतभरही जास्त नाही.

"बघ दत्तू, तंतोतंत!"

"व्हय सर, लई झ्याक बसलंय. आता तुमी भाईर कुठनं येणार?"

मी चारी बाजूंना पाहिलं. फाटकाला जागाच सोडलेली नव्हती.

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

"शिकल्यालं माणूस तुमी. म्हटलं, काहीतरी इचार केला असंल की!"