कप्तानाचा नारळ

तुम्ही हसाल, पण टीव्हीवरच्या अंतराळ मालिकांवरून काढलेली पुस्तकं मला मनापासून आवडतात. माझी आवडती मालिका केव्हाच संपली, पुस्तकांत मात्र तिचं यान अजून फिरतंय. आमचे हे विचारतात, "याला वाचन म्हणायचं?" म्हणेनात का काही.

नवीन पनवेलला आमच्या जिन्यात दर शुक्रवारी उरणच्या कोळीण मावशी येतात. एकदा कोळंबी सोलता सोलता त्यांनी विचारलं, "काय वाचतंस बाय?"

मी सांगितलं, एक कप्तान आणि त्याची माणसं आकाशात वाट चुकलीत.

"म्हंजे बोटीवरचीच माणसं."

"तशीच."

तेव्हापासून टोपली टेकवली की पहिला प्रश्न, "लागली का बोट किनाऱ्याला?" मग मी आठवडाभराचं वाचलेलं सांगायची. कोळंबी तशीच राहायची, आणि भर सकाळी आम्ही दोघी पायरीवर चांदण्यात बसल्यासारख्या बसायचो.

शेवटच्या पुस्तकाने घात केला. रद्दीवाल्याकडचं होतं, शेवटची पानंच नव्हती. मी म्हटलं, "मावशी, ती माणसं घरी परत आली का ते कळेना. नवीन प्रत मागवलीय."

त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि जिना उतरल्या.

पुढच्या शुक्रवारपर्यंत नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. टोपली उतरवत म्हणाल्या, "या वक्ताला दोन नारळ सोडले दर्याला. एक आमच्या होडीचा, एक तुज्या कप्तानाचा. येतील बघ सगली घरी."

त्याच दुपारी नवीन प्रत आली. पाकीट मी अजून फोडलेलं नाही.