डार्सीचे ठिपके

मला एक सांगा, एका माणसाला किती ठिपके लागतात? हसू नका! आईला विचारलं, तिने मटणाचं सँडविच पुढे केलं. पाद्र्याला विचारलं, तर तो म्हणतो, "टॉड, बाळा, झोप लागते का रे?" अरे, मी विचारतोय काय!

झालं असं, आमच्या रिव्हरिना भागातली लोकर कातरायची जुनी शेड पाडणार, म्हणून संग्रहालयाची इमोजेन तिपाईवर लेझरचं यंत्र घेऊन आली. यंत्र गरागरा फिरतं, किरण आपटेल तिथे एक ठिपका, असे करोडो ठिपके, की झाली पडद्यावर अख्खी शेड! "सगळे बाहेर व्हा!" झाले सगळे… आमचा थोरला सोडून! डार्सी लोकर दाबून गासड्या करायचा ना, चहाच्या सुट्टीत गासड्यांवरच आडवा, तोंड उघडं, मोज्यातून अंगठा बाहेर! हलवलं तर म्हणतो, "बारक्या, मेंढ्या आल्या की उठव." जन्मात पहिल्यांदा गप पडला होता, तुम्हाला सांगतो!

पुढच्याच महिन्यात त्याची गाडी उलटली… असो.

मी धावलो इमोजेनकडे, तिच्या यंत्रात तरी तो असेल म्हणून. पडद्यावर डार्सी! अंगठ्यासकट! तर ती म्हणते, "फाईल फार जड झालीय रे, दाबून लहान करायचीय. जवळजवळच्या ठिपक्यांतला एकच ठेवायचा, आणि माणसं तर काढूनच टाकतात." काढून? अहो, डार्सीपण दाबायचाच की! डोंगराएवढी लोकर कोंबून एवढीशी करायचा, पण गासडी फोडली की भस्सकन पुन्हा डोंगर! एक केस कमी नाही! असे किती ठिपके लागतात हो एका माणसाला, की तुमच्या यंत्राला तेवढेच जड व्हावेत?

"नियम आहे," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचं… भिंत, फळी, गासडी. 'माणूस' म्हटलं की ते आपोआप पुसलं जातं. गासड्या मात्र जशाच्या तशा ठेवतो, त्यांच्यावरचे छाप वाचता आले पाहिजेत ना." एवढं बोलून बाई चहा आणायला गेली. पडदा तसाच चालू ठेवून! मुद्दाम की काय, देव जाणे!

डार्सी नेहमी दटावायचा, "छाप मारल्याशिवाय गासडी दाराबाहेर काढायची नाही, बारक्या!"

मी आठवीतच शाळा सोडलेली, कळांवर एकेक अक्षर शोधायला घाम फुटला… उघड्या तोंडापासून अंगठ्यापर्यंत त्याच्याभोवती नीट रेघ ओढली, आणि एका बोटाने माझ्या भावावर छाप मारला: गासडी.