फोटो साफ पाहिजे

आमचं गाव म्हसळ्याच्या बाजूचं, खाडीच्या काठाला, आणि तुमी विचारताय की पेपरच्या लायनीत कसा आलो, तर ते आजापासून धरा. इंग्रजांच्या वक्ताला आमच्या इकडं एक साप्ताहिक निघायचं, आजा त्याच्यासाठी जाहिराती गोळा करायचा, पायी पायी, भाताच्या गिरण्या, लोखंडाची दुकानं, बियाणं विकणारे, आगबोटीचा एजंट, सगळ्यांकडं जायचा. छापखान्यात बैलाचा एकच ठसा होता, तोच बैल नांगराच्या फाळाला लावायचे, तोच पेंडीला, तोच बैलाच्या पोटफुगीच्या औषधाला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो बैल बघून विचारायचा, ह्यात काय आलंय, मंग कोणीतरी वाचून दाखवायचं. म्हणून आजा छापणाऱ्याच्या मागं लागायचा की चित्र साफ उठलं पाहिजे, अक्षरं गेली तरी चालतील. हे अब्बांनी सांगितलेलं, आजाला मी बघितला नाय.

मी बहारीनला आलो टायपिंग शिकून, आता सव्वीस वर्षं झाली. नईम भागात खोली आहे, पेपरच्या ऑफिसात छोट्या जाहिरातींच्या काउंटरवर बसतो. पहिलं लाइन लागायची काउंटरला, फ्लॅट भाड्यानं देणे, गाडी विकणे, घरकामाला बाई पाहिजे, आता ते सगळं मोबाईलवर गेलं, खलास. राहिलं काय, तर पासपोर्ट हरवला, कोणी मेलं, आणि नोटीस. नोटीस म्हणजे कामगार पळाला की कंपनी त्याचा फोटो छापते, खाली लिहिते की हा माणूस आता आमच्याकडं नाय, ह्याला कोणी कामाला ठेवू नका, दिसला तर कळवा. अशा किती टाकल्या मी, सुरुवातीला त्या दिवशी जेवण जायचं नाय, मंग जायला लागलं. खोटं कशाला बोलू तुमाला, लवकर जायला लागलं.

आता सलीमचं सांगतो, त्याच्यासाठीच बसलोय. हमीदाआपा माझी मोठी बहीण, आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, तिनंच मला वाढवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं, तिचा हा मोठा मुलगा. आपा बोलली, त्याला तिकडं घे, तर एजंटला धरून मीच व्हिसा काढला. ड्रायव्हरचं काम बोलले आणि आल्यावर गोडाऊनमध्ये गोण्या उचलायला लावला. कंबर गेली पोराची. मामू, दुसरीकडं जातो बोललो तर सोडत नाहीत, काय करू, असं दर जुम्म्याला विचारायचा, मी बोलायचो सबर कर, दुसरं काय बोलणार होतो मी, काउंटरवर बसणारा माणूस. एक दिवस गेला निघून, तिकडं हूरा म्हणून भाग आहे, तिथं एका लॉन्ड्रीत लागला. लॉन्ड्रीवाला माणूस बरा, बोलला तुझा व्हिसा मी माझ्याकडं घेतो, कागद टाकलेत, दोन हप्ते फक्त कोणाच्या नजरेत येऊ नको. दोन हप्ते, बस, एवढंच होतं.

त्यातले पाच-सहा दिवस गेले असतील, सकाळी एका कंपनीचा माणूस नोटीस घेऊन आला. आता आमच्या कामाची रीत अशी, आधी फोटो बघायचा, मंग साईज, मंग मजकूर. फोटो झेरॉक्सची झेरॉक्स, नुसता काळा, नाक कुठं डोळे कुठं काय कळेना. मी कागद परत सरकवला, बोललो, ये नहीं चलेगा भाई, साफ फोटो दो. नाव वाचलं नव्हतं मी. त्यानं मोबाईल काढला, तिथंच उभा राहून पाठवला, माझ्या स्क्रीनवर उघडला तर सलीम. आमच्या गावच्या नाक्यावरच्या स्टुडिओतला, व्हिसासाठी काढलेला, केस पाणी लावून बसवलेले.

तो माणूस मला ओळखत नव्हता. मला बोलता आलं असतं की राहू दे, पहिलाच चालेल. कागद खणात ठेवून चार दिवस विसरता पण आलं असतं. लोक समजतात अशा वेळी छातीत धडधडतं, हात कापतात. माझं काहीच झालं नाय. हात चालू होते, चेहरा बरोबर मधे घेतला, थोडा उजेड वाढवला, जसा सगळ्यांचा वाढवतो. त्याला विचारलं, एक दिन या दो दिन, तो बोलला तीन दिन. यल्ला, चला, पुढचा, मी बोललो, आणि पुढचा पासपोर्ट हरवलेला होता.

दुपारी सलीमला फोन केला. बोललो, उद्या पेपरात येतंय तुझं. त्यानं विचारलं, मामू, फोटो आहे? मी बोललो, आहे. ओळखू येतो काय? आता तेव्हा तरी खरं बोलायचं ना माणसानं. मी बोललो, पेपरातला फोटो तो, काय ओळखू येणार. तो बोलला, मंग जातो कामावर, घरी बसलो तर शेठला वाटेल मी पण भरवशाचा नाय. आणि गेला.

दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचे कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाईकानं काउंटरवर पेपर ठेवला आणि सलीमकडं बघितलं. लॉन्ड्रीवाला घाबरला, माझंच लायसन जाईल बोलला, हात जोडले त्यानं सलीमला. सलीम पिशवी घेऊन बाहेर पडला तो पोलिसांच्या चेकिंगमध्ये गावला. तेरा दिवस आत होता. मी कपडे घेऊन गेलो, आपानं सांगितलं म्हणून खजूर पण नेला. तो बोलला, मामू, फोटो एवढा साफ कुठून आला असेल त्यांच्याकडं? मी बोललो, कंपन्यांकडं असतात. तो बोलला, हां, असतील. मंग त्याला घरी धाडला. आता परत इकडं येता येत नाय त्याला. गावाला रिक्षा चालवतो, बदलीवर, कंबर दुखली की घरी बसतो.

मी अजून तिथंच आहे. रडू यावं असं वाटतं, येत नाय, डॉक्टरकडं जायची पण ही गोष्ट नाय. बायकोला सांगितलं नाय, तुमालाच सांगतोय, नाव बदलून लिवा.

आपाचा दर जुम्म्याला फोन येतो, नमाजनंतर. हल्ली तिला कमी दिसतं, फोन कानाला लावून मोठ्यानं बोलते. बोलते, तू होतास म्हणून माझ्या पोराला परदेशात कोणीतरी होतं, कपडे मिळाले, कोण करतं एवढं, अल्ला तुझे हात सलामत ठेवो. दर वेळी हेच बोलते, आणि मी आमीन बोलेपर्यंत फोन ठेवत नाय. मंग मी बोलतो, आमीन.