नऊ कादंबऱ्यांची भाजी

नोव्हाय या अमेरिकन गावातल्या लायब्ररीत जपानी लेखिकेच्या सहीसाठी रांग होती. माझ्यापुढे एक मावशी आणि त्यांची भाची नेत्रा.

"नेत्रा, ही बाई लिहायला कधी लागली गं?"

"नवरा रिटायर होऊन घरी बसला तेव्हा. दिवसभर 'चहा कर, चष्मा शोध.' मग ही गॅरेजमध्ये गाडीत लपून लिहायची."

"आणि तो?"

"त्याला वाटायचं, भाजी आणायला गेलीय. नऊ कादंबऱ्या झाल्या, मावशी."

"नऊ! आणि ठोंब्याला पत्ता नाही?"

"हळू बोल ना यार! तुझ्या फोनवर काकांचे तीन मिस्ड कॉल आलेत. आता मेसेज केलाय, रिमोट सापडत नाहीये म्हणे."

"तुझ्या गाडीची किल्ली दे."

"तुला ड्राइव्ह कुठे करता येतं?"

"त्या बाईनं तरी गाडी कुठे चालवली?"