माझ्या घशाचे मुखत्यार

...आणि म्हणे बोलायचं नाही! गिळायचं नाही, खाकरायचं नाही, मान हलवायची नाही. अहो, कोकोच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला हे सांगायचं? साहेब माझ्यावर ओरडत असायचा तेव्हासुद्धा शेजारच्या टेबलाशी माझं बोलणं चालूच असायचं!

तर तुम्हाला सांगतो, माझ्या गळ्याला गाठ. फुफूचा, म्हणजे आमच्या कंदाच्या लुसलुशीत गोळ्याचा, घास उतरेना. फुफू काय चावायचा असतो? पण मी चावायला लागलो, ते बघून आमच्या बायकोने, आफ्रियेने, मला उचललं आणि माम्पोंगच्या इस्पितळात नेऊन घातलं. सर्जन म्हणाला, "गाठ श्वासनळीच्या नुसती शेजारी असेल तर इथेच काढतो. विळखा घालून बसली असेल तर थेट राजधानी, आक्रा गाठा. आवाजाचं मात्र सांगता येत नाही." आवाज! माझा!

आता गाठ बसलीय कशी, ते बघायचं कुणी? तर सेरवा नावाची इंजिनीयर मुलगी. म्हणे, "नाना, सोनोग्राफीत पावाची एकेक चकती दिसते. मला अख्खा पाव हवा." यंत्र तेच जुनं. हिने त्याच्या गळ्यावर फिरवायच्या मुठीला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पुठ्ठा डकवला, एक माझ्या छातीवर, वर कॅमेरा. कुठली चकती कुठली, हे कॅमेऱ्याने बघायचं आणि लॅपटॉपने पाव रचायचा. सॉफ्टवेअर फुकट, आणि उघडं! कुणीही आत डोकवावं, उसवावं, पुन्हा शिवावं. आमच्या कचेरीत टाचणीच्या डबीला कुलूप होतं हो!

खाटेवर आडवा झालो. सेरवा मूठ फिरवतेय, तोच नर्स आली. "नाना, शुभ सकाळ!" आता तुम्हीच सांगा, उत्तर द्यायचं नाही? माम्पोंगमध्ये नमस्काराला उत्तर न देणारा माणूस एक तर मेलेला असतो, नाही तर भांडलेला. दिलं उत्तर! पडद्यावर मला दोन कंठमणी.

दारावर पाटी लावली, 'आत येऊ नये'. तर औषधवाला आत आला... माफी मागायला! "पाटी वाचली, नाना, येत नाही हं. रात्री झोप लागली ना?" उत्तर द्यायचं नाही? पुन्हा पहिल्यापासून.

मग आले चर्चचे वडील. सेरवा दातओठ खात कुजबुजली, "हाताने खूण करा!" उजवा हात उचलला तर छातीवरचा पुठ्ठा सरकतो. मग डाव्या हाताने? चर्चच्या वडिलांना? त्यापेक्षा गाठ परवडली! बोललो. सेरवाने पडदा माझ्याकडे फिरवला. "नाना, हा गळा आहे की माळ?"

तेव्हा आमची आफ्रिये उठली. हातात छत्री. "बाई, राजा दरबारात स्वतः बोलतो का? त्याचा ओच्यामे, त्याचा मुखत्यार, बोलतो. आज हे राजे, मी ओच्यामे. चालव तुझं यंत्र." आणि ओच्यामेच्या काठीसारखी छत्री टेकून दारात उभी! पुढचा आला, "शुभ सकाळ, नाना!" छत्री आपटली. "नानांनी ऐकलं. नाना विचारतात, मुलंबाळं बरी?" मी असलं काहीही विचारलं नव्हतं! पण घसा हलला नाही. जन्मात पहिल्यांदा.

आणि काय सांगू... पडद्यावर माझा गळा उभा राहिला! सेरवा त्याला फणसासारखा फिरवून दाखवत होती. नळी सरळ, गाठ शेजारी, मधे नखाएवढी फट. सर्जनने खालून पाहिलं, मागून पाहिलं, हसला. "विळखा नाही. इथेच काढू." आफ्रियेने डोळे पुसले, छत्रीच्याच कापडाला. सेरवा तर तेवढ्यात लिहायलाही बसली. रुग्ण बोलला की यंत्राने आपणहून थांबावं, अशी जोड ती त्या सॉफ्टवेअरला देणार आहे, जगात कुणालाही वापरता येईल अशी. म्हणजे माझ्यासारखे आणखी असणार, असं तिचं मत!

सर्जन माझ्याकडे वळला. "नाना, शस्त्रक्रियेला तयार ना? नंतर काही दिवस बोलणं बंद ठेवावं लागेल." मी तोंड उघडलं.

छत्री आपटली.

"नाना तयार आहेत. आणि नाना विचारतात, ते काही दिवस थोडे वाढवता येतील का?"

मी म्हणालो... छे, मी कुठला म्हणतोय!