विलायती धुरांडं

पळस्प्याच्या साहेबांचं घर मीच बांधलं बरं का, विलायतेतल्या जुन्या जमीनदारांच्या वाड्यासारखं. दगडी भिंती, दिवाणखान्याच्या भिंतीत शेकायची चूल, वर धुरांडं. वास्तुशांतीला साहेब सासरच्या मंडळींसमोर ऐटीत म्हणाले, "गुरुजी, होम त्या चुलीतच करा. धूर सरळ आभाळात जाईल."

पहिल्या आहुतीलाच दिवाणखाना धुराने भरला. गुरुजी मंत्र म्हणतच अंगणात पळाले, मागून सगळी सासुरवाडी.

साहेब डोळे पुसत आले. "काका, धुरांडं वरून बंद केलंत?"

"हां साहेब, लादी बसवली. पावसाचं पानी आत येल ना."

"अहो, विलायतेत उघडंच असतं!"

"तिथं पाऊस नाय?"

"बारा महिने असतो."

मी जरा विचार केला. "मंग साहेब, त्यांना चांगला गवंडी मिलाला नाय."